आण्णांची जीप आणि बोलेरोचं इंजिन

दिवाळीत मोरगावला गेलो तेव्हा गोठ्याशेजारच्या चिंचेखाली जीप नेहमीसारखीच उभी होती. नेहमीसारखी म्हणजे पुढचं डावं टायर बसलेलं, काचेची चौकट बॉनेटवर आडवी पडलेली आणि मागच्या बाकाखाली वहिनीची कोंबडी खुडूक बसलेली. फरक इतकाच, की यंदा जीपभोवती आमचे पुतणेसाहेब टेप घेऊन मापं काढत फिरत होते.

"तात्या, बोलेरोचं इंजिन आरामात बसतंय यात." हे पहिलं वाक्य. अजून चहासुद्धा व्हायचा होता.

त्याचा बेत असा. जेजुरीकडे एका यार्डात अपघातातली जुनी बोलेरो आली होती. तिचं अडीच लिटरचं टर्बो इंजिन, पाच गिअरची पेटी, पॉवर स्टीअरिंग आणि पुढचे डिस्क ब्रेक असं सगळं काढून आपल्या जीपच्या चॅसीवर चढवायचं. सव्वा लाखात काम. "वरनं आण्णांची जीप, आतनं बोलेरो. बघाच तुम्ही!" मी काहीच बोललो नाही, कारण माझ्या पिशवीत माझा स्वतःचा बेत होता. दोन वर्षं मी गुपचूप जमवाजमव करत होतो. मला ती जीप १९६९ साली कारखान्यातून बाहेर पडली तशी, अगदी स्क्रू न् स्क्रू, परत हवी होती.

ज्यांना आमच्या घरची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आण्णा म्हणजे आमचे वडील. २०१६ साली गेले. जीप त्यांनी १९७८ मध्ये एका सरकारी लिलावात घेतली होती. महिंद्राची विलीज, उंच बॉनेटवाली, सीजे-३बी. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढंच निघालं, पण आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिलं. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला पहिली विलीज जीप जुळवली, आणि पुढे कलेक्टरपासून पाटबंधारे खात्याच्या ओव्हरसियरपर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली तीच आली. आमची जीप लिलावाआधी कुठे कुठे फिरली असेल देव जाणे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांची हजेरी घ्यायला कुणी साहेब हिच्यातूनच आला असेल, असं आण्णा म्हणायचे. आणि मग म्हणायचे, "त्या हजेरीपत्रकात तुझ्या आजीचं नाव होतं."

ती आण्णा गेल्यापासून उभी आहे. मोरगावच्या देवळासमोर नंदी आहे हे येऊन गेलेल्यांना माहीत असेल. गणपतीपुढे नंदी कसा, तर गोष्ट अशी सांगतात की शंकराच्या देवळासाठी नंदी घेऊन निघालेला गाडा इथे मोडला आणि नंदी काही केल्या हलेना, म्हणून तिथेच ठेवला. आमची जीप त्याच वळणावर चालली होती. दादा म्हणायचा, अजून पाच वर्षांनी हिलाही कुणीतरी शेंदूर लावेल.

तर माझा बेत. मूळच्या जीपला 'हरिकेन' नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, २.२ लिटरचं. आमच्या जीपमध्ये ते आता नाही. ते मिळवायला मी पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जाऊन लोखंडाच्या ढिगांत हात काळे केले. शेवटी एकाकडे ते इंजिन अख्खं सापडलं. किती दिले ते इथे लिहीत नाही, कारण बायको वाचते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते टेम्पोने मोरगावला उतरवलं आणि मोठ्या अभिमानाने दादाला म्हटलं, "हे घे. ओरिजनल."

दादा बराच वेळ इंजिनाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आण्णांनी डिझेल कधी टाकलं?"

"एकोणनव्वद साली."

"म्हणजे अकरा वर्षं पेट्रोल आणि सत्तावीस वर्षं डिझेल. मग ओरिजनल कुठलं?"

दादा शेती करतो. कांदा, बाजरी आणि पाऊस झाला तर ज्वारी. शब्द मोजून वापरतो. मी महिन्यातून एकदा पुण्याहून येतो आणि अंगणात उभं राहून मतं देतो. तो पुढे म्हणाला, "तुला फोटो काढायला पाहिजे, ह्याला गावात मिरवायला पाहिजे. मला वरच्या रानात पेंड न्यायची असते, ते कुणी इचारलं का?" हे वाक्य मला तेव्हा झोंबलं. आता दोन-तीन महिने विचार केल्यावर वाटतं, त्यात निम्मा न्याय आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहायला बसलोय.

आण्णांनी इंजिन का बदललं ते आधी सांगायला हवं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जे चढत गेलं ते गेलंच, आणि जीप तर पेट्रोल प्यायला बसल्यासारखी प्यायची. त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच जीपांचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे मिळेल ते डिझेल चढवलं गेलं. आण्णांनी चढवलं मॅटॅडोरचं. ते मूळचं मर्सिडीजचं इंजिन, ओएम ६१६, २.४ लिटरचं. जर्मनीत टॅक्सीला लागायचं. आपल्याकडे बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, ते परवान्यावर बनवायची. "आमच्या जीपला मर्सिडीजचं इंजिन आहे," असं आण्णा सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगायचे. इंजिन आणि जुनी गिअरपेटी यांच्यामध्ये जाड पोलादी प्लेट बसवली, आरसी बुकात रीतसर नोंद करून घेतली, आणि त्या इंजिनाने आमची शिक्षणं केली, तीन लग्नं केली.

मग १९९३ चा उन्हाळा. मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा. आण्णा आणि मी पहाटे कांद्याच्या गोण्या घेऊन मार्केटयार्डला निघालो. सासवड सोडलं, दिवे घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर आण्णांचा पाय एकदम खाली गेला. ब्रेकचं पेडल फळीला टेकलं. त्या जीपला ब्रेकच्या तेलाची एकच लाइन. चारही चाकं तिच्यावर. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. आण्णांनी दुसरा गिअर टाकला. पहिला टाकायचा प्रयत्न केला तर पेटी नुसती करकरली, कारण या जीपचा पहिला गिअर गाडी जवळजवळ थांबल्याशिवाय पडत नाही. हँडब्रेक ओढला. तो चाकांना नसतो, मागच्या शाफ्टला असतो. जळका वास आला, गाडी थोडी थबकली, परत सुटली. समोरून एसटी येत होती. आण्णांनी डोंगराकडच्या चारीत चाकं घातली, दगडांना घासत घासत जीप तिरकी झाली आणि थांबली. तीन गोण्या खाली. मला कपाळाला खोक, तिची खूण अजून आहे. आण्णा खाली उतरले, चारीतल्या दगडावर बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी त्यांचे हात थरथरताना त्या एकाच दिवशी बघितले.

पुढे मिस्त्रीने सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. तो म्हणाला, "इंजिन जड टाकलंत, माल वाढवलात, ब्रेक मात्र होते तेच." खरंच होतं ते. डिझेलची ओढ जास्त, म्हणून आण्णा गोण्या जास्त भरायला लागले होते. त्याआधी दोनदा शाफ्टचा क्रॉस तुटला होता, पुढचे कमानपाटे बसले होते. तेव्हा आम्ही म्हणायचो, जुनी गाडी आहे, चालायचंच. जुनेपणाचा त्यात काय संबंध? नवं ओझं जुन्या भागांवर पडलं होतं आणि ते एकेक करून बोलत होते.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. नवीन मॉडेलचा भाग जुन्या गाडीत बसतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. बसवायचं म्हटलं तर काहीही बसतं, आपले मिस्त्री लोक प्लेटा कापून रेल्वेचं इंजिनसुद्धा बसवतील :) विचारायचं ते हे, की तो भाग बसल्यावर ओझं कुणाकडे सरकणार.

बैलगाडीचं बघा ना. आजोबांच्या गाडीची धाव झिजली की लोहार नवी चढवायचा. आरे मोडले तर सुतार बाभळीचे नवे घालायचा, कणा बदलायचा, एखादवेळी तुंबासुद्धा. वीस वर्षांत सगळी गाडी बदलून व्हायची आणि कुणालाही ती वेगळी वाटायची नाही, कारण जे गेलं त्याच जागी तसंच आणि तेवढंच काम करणारं आलं. मग टायरची गाडी आली. लाकडी चाकं गेली, मोटारीचा एक्सल आणि रबरी टायर आले. सोमेश्वरच्या किंवा माळेगावच्या कारखान्याच्या रस्त्याला हंगामात उभं राहा, म्हणजे कळेल काय झालं ते. चाक हलकं फिरायला लागलं म्हणून ऊस दुप्पट भरला गेला. सपाटीला ठीक. उताराला मात्र ते सगळं वजन येतं बैलांच्या मानेवर, कारण गाडीला ब्रेक नाही आणि मागे रेटणारा ऊस थांबत नाही. घसरून गुडघे फुटलेले बैल मी लहानपणी पाहिलेत. गाडी सुधारली, हे खरं. पण तिची किंमत ज्यांनी भरली त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. पोरगं हुशार आहे, डिप्लोमा करतंय. त्याने लगेच उलटा डाव टाकला. "तात्या, मग मी तेच तर म्हणतोय. इंजिनाबरोबर पेटी, एक्सल, ब्रेक सगळंच बोलेरोचं घ्यायचं. अर्धवट नाहीच करायचं." खरं म्हणजे हा मुद्दा बरोबर आहे, आणि आण्णांनी केलं त्याच्यापेक्षा प्रामाणिक आहे. पण तसं केलं तर जुनं उरतं काय? बाहेरचा पत्रा. आणि तोही निम्मा सडलेला, लांबी भरून भरून जाड झालेला. त्यापेक्षा ती बोलेरोच दुरुस्त करून वापर ना बाबा, तिच्यावर जीपचा मुखवटा कशाला? आपल्याकडे दगडी देवळांना आतून बाथरूमच्या फरश्या लावतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात. मला ते बघून जसं होतं तसंच काहीसं या बेताने झालं.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, असं ते कलम सांगतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. आण्णांचा बदल त्याआधीचा, नोंद झालेला. बोलेरोच्या इंजिनाची तशी नोंद होईल ही आशाच नको. आणि नोंद नसलेल्या इंजिनाची गाडी उद्या कुणाला धडकली तर विमा कंपनी हात वर करेल आणि सगळं दादाच्या सात-बाऱ्यावर येईल. ओझं सरकतं म्हणतो ते असंही.

पण कायद्याने माझ्या बेतालाही टोला हाणला, तोही सांगतो. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. मी हुरळून गेलो होतो. आमची १९६९ ची, म्हणजे वयात बसते. पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणून तर मला ते पेट्रोल इंजिन हवं होतं! मग पुढचं वाचलं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. म्हणजे दादाने पेंड आणायची कशातून? जुनी वस्तू एकतर भंगारात काढा नाहीतर काचेत ठेवा, मधली वाट नाही, असा या नियमाचा स्वभाव आहे. आणि माझाही तसाच झाला होता, हे मान्य करायला मला पंधरा दिवस लागले.

मधल्या काळात मिशिगनच्या मावसभावाशी बोलणं झालं. त्याच्याकडे रानात फिरायची ती चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी बसायची गाडी आहे. तिकडे तिला ए.टी.व्ही. म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांची जुनी. यानेही तीत नव्या मॉडेलचं इंजिन टाकायला घेतलं. नव्या इंजिनाला कार्बोरेटर नाही, म्हणून इंधनाचा पंप लागला. पंपासाठी टाकी बदलली, टाकीसाठी सीटची चौकट कापली, मग वायरिंग जुळेना. दोन हिवाळे ती त्याच्या गॅरेजात उघडी पडली आहे. तो म्हणाला, "अरे, झिजलेल्या रिंगा बदलल्या असत्या तर एका शनिवारचं काम होतं." त्यानेच आठवण करून दिली, की महिंद्राने २०१८ मध्ये तिकडे आपल्या जुन्या जीपच्या वळणाची 'रॉक्सर' काढली होती, फक्त शेतात-रानात चालवायची, रस्त्यावर नाही. त्यावर जीपच्या तिथल्या मालकांनी, हिचं रूप आमचं आहे, अशी तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्यही केली. म्हणजे जीप कुणाची आणि मूळची कुठली, या भांडणात आम्ही दोघे भाऊ एकटे नव्हतो.

शेवटी संक्रांतीला मी, दादा, पुतण्या आणि मिस्त्री असे चौघे चिंचेखाली बसलो. मी हट्ट सोडला, पुतण्याला सोडायला लावला. मर्सिडीजचं, म्हणजे मॅटॅडोरचं इंजिन तसंच ठेवायचं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. पंप आणि नोझल तपासून. गिअरपेटी जुनीच, फक्त बेअरिंगा आणि सीलं बदलून. पत्रा जिथे सडलाय तिथे कापून नवा जोडायचा, लांबी थापायची नाही. रंग कोणता यावर अजून भांडण चालू आहे.

आणि ब्रेक मात्र नवे. इथे मी माझ्याच तत्त्वाला मुरड घातली असं पुतण्या म्हणतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या तेलाच्या लाइनी वेगळ्या करणारा मास्टर सिलिंडर, नंतरच्या मॉडेलचा, घेतला. एक लाइन गेली तरी दुसरी धरते. माझ्या हिशेबात हे बसतं, कारण या भागाने कुणावरच जास्तीचं ओझं टाकलं नाही, उलट होतं ते वाटून घेतलं. पण खरं सांगायचं तर हिशेब नंतर मांडला. मिस्त्रीने जुना सिलिंडर काढून हातात दिला तेव्हा मला दिवे घाटातली ती चारी आठवली, आणि तो भाग 'ओरिजनल' आहे म्हणून परत बसवायची माझी छाती झाली नाही. नवा कोरा, दुकानातून, बिलासकट आणला. ब्रेकचा भाग जुन्या बाजारात घ्यायचा नाही एवढी अक्कल मला आहे.

पेट्रोल इंजिन पडवीत गोणपाटाखाली आहे. पुतण्या म्हणतो, उघडून बघू का, शिकायला होईल. उघड म्हटलं. कोंबडीची सोय वहिनीने पाटीखाली केली आहे, तिचा राग अजून गेलेला नाही.

आरसीचं नूतनीकरण राहिलंय. त्याची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि आमचा दंड वेगळा. तोवर जीप आमच्या बांधावरच. गेल्या रविवारी पहिल्यांदा सुरू केली. हीटर दिला, सगळे श्वास रोखून, तिसऱ्या वेळी धडधडली. आई बाहेर येऊन ओट्यावर बसली. दादाने पेंडीची तीन पोती मागे टाकली आणि वरच्या रानाकडे निघाला. मी शेजारी. ओढ्याच्या उताराला त्याने ब्रेकचं पेडल एकदा हलकं दाबून सोडलं, मग परत दाबलं. दिवे घाटानंतर आण्णांनी आम्हा दोघांनाही शिकवलं होतं, आधी एकदा दाबून बघायचं.

"दादा, आता दोनदा दाबायची गरज नाही," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला, आणि पुढच्या उताराला परत दोनदा दाबलं.